दोन औंस लोणी, पाच शिलिंग आणि बंद पुढची खोली

प्रश्न थोडक्यात असा आहे: उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशरच्या एका गिरणीगावातलं बसचालकाचं कुटुंब, काळ १९४६ ते १९५३, आणि ही इंग्रजी कादंबरी मराठीत आणायची आहे. सहा प्रकरणं झाली, तळटिपा १४० झाल्या, आणि वाचून पाहणाऱ्यांचं म्हणणं एकच: ‘भाषा ठीक आहे, पण यात काही घडतच नाही.’ तळटिपा वाढवाव्यात की काढून टाकाव्यात?

तळटिपांचा निकाल शेवटी लावू. आधी ‘काही घडत नाही’ हे का वाटतं ते बघा. या जातीच्या कादंबरीत खून नसतो, कोर्टकचेरी नसते. शुक्रवारी पगाराचं पाकीट कोणाच्या हातात पडलं, कोणाच्या वाट्याचं लोणी कोणी खाल्लं, पुढच्या खोलीत विस्तव कोणासाठी पेटवला, याच तिथल्या घटना. त्या काळच्या इंग्रजी वाचकाला हा हिशेब तोंडपाठ होता, म्हणून लेखक तो सांगत नाही, नुसता सुचवतो. अनुवादकाने शब्द नेले आणि हिशेब मागे राहिला की घटनाच गाळली जाते. तेव्हा काम शब्दकोशापेक्षा वहीत जास्त आहे.

पहिली वही तारखांची. कादंबरीतल्या प्रत्येक प्रकरणासमोर महिना आणि साल लिहा, आणि त्या महिन्यात काय रेशनवर होतं ते शेजारी मांडा. बेकन, लोणी आणि साखर ८ जानेवारी १९४० ला रेशनवर आली. मांसावरचं शेवटचं बंधन ४ जुलै १९५४ ला उठलं. म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षं. कपड्यांची कुपनं १ जून १९४१ ते १५ मार्च १९४९. साबण सप्टेंबर १९५० पर्यंत, चहा ऑक्टोबर १९५२ पर्यंत, साखर सप्टेंबर १९५३ पर्यंत. गोळ्या-चॉकलेटांची गोष्ट गमतीची आहे: एप्रिल १९४९ मध्ये मोकळी केली, मागणी इतकी उसळली की ऑगस्टमध्ये पुन्हा बंधन घातलं, आणि ते अखेर ५ फेब्रुवारी १९५३ ला उठलं. १९४९ च्या उन्हाळ्यातलं एखादं मूल ‘परत बंद’ म्हणून रडत असेल तर ते हट्टी नाही.

सगळ्यात महत्त्वाची नोंद पावाची. युद्ध चालू असताना पाव कधीच रेशनवर नव्हता. तो आला २१ जुलै १९४६ ला, जिंकल्यानंतर वर्षभराने, आणि गेला २४ जुलै १९४८ ला. कारणं दोन: जगभर गव्हाची टंचाई होती, आणि जर्मनीचा जो भाग ब्रिटिशांच्या ताब्यात होता त्याला पोसायची जबाबदारी अंगावर होती. त्यात ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेची उधार-उसनवारीची योजना एकदम थांबली होती, आणि डॉलर नव्हते. सामान्य प्रौढाला आठवड्याला पावाचे ९ युनिट, अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला १५. मोठ्या पावाला ४ युनिट, लहानाला २. तुमच्या पहिल्या प्रकरणात म्हातारी ‘हिटलरला जमलं नाही ते यांनी केलं’ अशा अर्थाचं काही म्हणत असेल, तर रोख निवडून आलेल्या मजूर सरकारकडे आहे. ते न कळता ‘नाझींनी आमचे हाल केले’ असा अर्थ काढला की राजकारण उलटं होतं.

आता ‘रेशन’ हा शब्दच. तो मराठी आहे असं समजून आपण बिनदिक्कत वापरतो, आणि इथेच पहिली मोठी चूक होते. मुंबईत रेशनिंग १९४३ मध्ये सुरू झालं ते धान्यापासून. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर येतं ते रेशनचं दुकान, रॉकेलची रांग, लाल गहू, आणि पुढच्या काळात ‘गरिबांचं’ धान्य. ब्रिटनमध्ये तसं वेगळं दुकान नव्हतं. आपल्या नेहमीच्या वाण्याकडे आणि खाटकाकडे नाव नोंदवायचं आणि वर्षभर त्याच्याशी बांधून राहायचं. श्रीमंताचाही वाटा तेवढाच. आणि बटाटे, भाज्या, मासे, (१९४६ पर्यंत) पाव हे पोट भरणारं सामान बंधनाबाहेर; बंधन होतं चरबी, साखर, मांस, चहा यांवर. त्यामुळे त्या घरात उपासमार नसते, बेचव असते. ‘भूक’ हा शब्द जपून वापरा. त्या माणसांना भूक लागलेली नसते; त्यांना गोड खावंसं वाटत असतं, तुपकट काहीतरी हवंसं वाटत असतं. मराठीत यासाठी ‘वखवख’, ‘तोंडाला चव नसणं’, ‘जिभेला कोरड’ असे नेमके शब्द आहेत, ते कामी लावा.

माणशी आठवड्याचा शिधा साधारण असा: साखर ८ औंस, लोणी २ औंस, चीज २ औंस, चहा २ औंस, बेकन २ ते ४ औंस, आणि मिळालं तर एक अंडं. आकडे महिन्यागणिक खालीवर होत, म्हणून मूळ पुस्तकात असेल तोच आकडा ठेवा, ‘दुरुस्त’ करू नका. दोन औंस म्हणजे ५७ ग्रॅम, आपला जुना छटाक. आठ औंस म्हणजे जवळपास पावशेर. मोह होतो, पण मजकुरात छटाक-पावशेर आणू नये. लँकेशरच्या बॉल्टनची बाई एकदम दादरला येऊन उभी राहते. औंसच ठेवा आणि वजन कृतीतून दिसू द्या. दोन औंस चहाचे चमचे होतात सुमारे पंचवीस. ‘माणशी एक चमचा आणि एक किटलीचा’ हा तिथला रिवाज; म्हणजे पाहुणा आला की त्या आठवड्याचा किती भाग उकळत्या पाण्यात गेला हे वाचकाला मोजता येतं. ‘तिने किटलीचा चमचा घातला नाही’ असं वाक्य मूळात असेल तर तो अपमान आहे, किंवा टंचाई आहे, किंवा दोन्ही. अनेक घरांत ज्याचं त्याचं लोणी वेगळ्या बशीत ठेवत. आईने आपल्या बशीतलं मुलाच्या बशीत सरकवलं तर त्या पानावर तीच मोठी घटना आहे. अनुवादात ती ‘तिने त्याला थोडं लोणी दिलं’ एवढीच उरली तर वाचक पान उलटणारच.

मांसाचं गणित वेगळं, आणि ते न कळल्यामुळे संवाद हमखास फसतात. मांस वजनावर नव्हतं, किमतीवर होतं. माणशी आठवड्याला १ शिलिंग २ पेन्सचं. १९५१ च्या सुरुवातीला ते ८ पेन्सपर्यंत घसरलं. चौघं मोठी माणसं असतील तर ४ शिलिंग ८ पेन्स. चांगला तुकडा घ्या, कमी येईल. हलका घ्या, जास्त येईल. म्हणून खाटकाच्या दुकानातली घासाघीस भावावर नसते, तुकड्यावर असते. काळीज, हृदय, वजडी रेशनबाहेर, पण ती मिळणं खाटकाच्या मर्जीवर. सॉसेजही रेशनबाहेर, पण त्यात पावाचा चुरा किती आणि मांस किती हा त्या काळचा कायमचा विनोद. खाटकाने कागदात गुंडाळलेलं काहीतरी न बोलता पुढे केलं तर ते गल्ल्याखालचं आहे. त्याच्या बदल्यात काय, हे लेखक चार प्रकरणांनी सांगेल.

रेशनपुस्तकाच्या रंगांवर नजर ठेवा. मोठ्यांचं पिवळट तपकिरी, पाच ते सोळा वर्षांच्या मुलांचं निळं, गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचं मूल यांचं हिरवं. हिरव्या पुस्तकावर रोज एक पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) दूध, अंडी जास्त, आणि संत्री आली तर आधी हक्क. म्हणून एखाद्या प्रकरणाच्या शेवटी बाई पर्समधून हिरवं पुस्तक काढते आणि प्रकरण तिथेच संपतं, तेव्हा तिने बातमी सांगून टाकलेली असते. इथे तळटीप देऊ नका. दोन प्रकरणं आधी, शेजारणीच्या हातात हिरवं पुस्तक असताना ‘दिवस गेल्यावर मिळतं ते हिरवं पुस्तक’ असं अर्धं वाक्य पेरा. एवढी मोकळीक अनुवादकाला असते, आणि घ्यावी.

दुसरी वही पैशांची. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. हे १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत चाललं. ज्यांना रुपये-आणे-पै आठवतात त्यांना बारा पैचा आणा माहीत आहे, पण तो वाचक आता थोडा. रुपया तेव्हा १८ पेन्सला बांधलेला होता, म्हणजे पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा रुपयाही तेवढाच उतरला, त्यामुळे हा दर बदलला नाही. हे माहीत असू द्या, पण मजकुरात रुपये करू नका. एक तर आजच्या वाचकाला तेरा रुपये हास्यास्पद वाटतात, दुसरं म्हणजे खरा माप रुपया नाहीच. खरा माप पगार आहे. १९४६ च्या सुमाराला कामगार पुरुषाची आठवड्याची कमाई सरासरी ६ पौंड, म्हणजे १२० शिलिंग. एकदा पहिल्या प्रकरणात हा आकडा वाचकाच्या मनात बसवला की पुढे सगळं आपोआप कळतं. पाच शिलिंग म्हणजे पगाराचा चोविसावा भाग.

आणि हे पाच शिलिंग साधे नाहीत. ६ ऑगस्ट १९४६ पासून सरकारने कुटुंबभत्ता सुरू केला: पहिलं मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग, आणि ते पोस्टातून आईच्या हातात. आईच्या, हे ठळक करा. खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी त्यासाठी कित्येक वर्षं झुंज दिली होती. ज्या बाईला नवऱ्याने मोजून दिलेल्या घरखर्चाखेरीज स्वतःचा पेनी नव्हता, तिला तीन मुलं असतील तर आठवड्याला दहा शिलिंग तिच्या सहीने मिळू लागले. अशा कादंबरीत मंगळवारी पोस्टात जाणारी आई दिसली तर नुसती ‘भत्ता आणायला गेली’ म्हणून पुढे जाऊ नका. तिच्या चालण्यात फरक असेल, मूळात शोधा.

पगाराच्या पाकिटाबद्दलही तेच. उत्तरेत, विशेषतः लँकेशरमध्ये, चांगला नवरा तो की जो बंद पाकीट बायकोपुढे ठेवतो आणि तिच्याकडून हातखर्च घेतो. कमावती मुलंही लग्न होईपर्यंत पाकीट आईला देत. इतरत्र नवरा ठरावीक रक्कम काढून देई आणि आपण किती कमावतो हे बायकोला वर्षानुवर्षं सांगत नसे. पाकीट फोडलेलं आहे की बंद, हा तपशील लेखकाने दिला असेल तर तो त्या नवऱ्याचा स्वभाव सांगतो.

नाण्यांची नावं आली की सापळे सुरू होतात. ‘अर्धा क्राऊन’ असं लिहिलं की वाचकाला मोडका मुकुट दिसतो. ‘अडीच शिलिंगांचं नाणं’ म्हणा. ‘बॉब’ म्हणजे शिलिंग, माणूस नव्हे. ‘टॅनर’ म्हणजे सहा पेन्सचं नाणं. त्याचा चांभारकामाशी काही संबंध नाही. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पण ते नाणं तेव्हा चलनात नव्हतं. डॉक्टर, वकील, भारी शिंपी त्या भाषेत बिल करत. गिनी आली की त्या पानावर वर्ग बदलला असं समजा. १ शिलिंग पावणेबारा पेन्स अशी किंमत दिसेल. ती दोन शिलिंगला एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, कमी. बाटाच्या दुकानातली ९५ पैशांची शेपटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना समजावून सांगायला नको.

तिसरी वही: घराचा नकाशा. कागदावर काढा, खरंच काढा. गिरणीगावातलं ठरावीक घर म्हणजे खाली दोन, वर दोन. एका ओळीत भिंतीला भिंत लावून बांधलेल्या अशा घरांना इंग्रजीत ‘टेरेस’ म्हणतात, आणि मराठीत टेरेस म्हणजे गच्ची. ‘टेरेस हाऊसमध्ये राहत होते’ हे वाक्य अनुवादात तसंच आलं तर एक गरीब कामगार कुटुंब एकदम गच्चीवरच्या फ्लॅटमध्ये जातं. ‘ओळीतलं घर’ पुरे.

पुढची खोली रस्त्याला लागून, आणि ती बंद. नाताळ, लग्नाची बोलणी, पाद्री आला तर, आणि घरात मयत झालं तर शव ठेवायला. एरवी कोणी बसत नाही. ‘दिवाणखाना’ फार ऐटबाज. ‘बाहेरची खोली’ म्हटली की चाळीतली, जिथे दिवसभर सगळे असतात, ती आठवते. ‘पुढची खोली’ असा साधा शब्द घ्या आणि ती थंड, बंद, मेणाचा वास येणारी आहे हे मूळ मजकुरातून येऊ द्या. मागच्या खोलीला ते ‘किचन’ म्हणतात, पण तिथे स्वयंपाकापेक्षा संसार जास्त. बिडाची शेगडी, तिच्या एका अंगाला भट्टी, दुसऱ्या अंगाला पाणी तापायची सोय. समोर वडिलांची खुर्ची, टेबल, रेडिओ. शनिवारी रात्री पत्र्याचं टब खिळ्यावरून काढून याच शेगडीपुढे सगळ्यांची आंघोळ, बहुधा एकाच पाण्यात. ‘स्वयंपाकघरात आंघोळ’ असं लिहिलं की मराठी वाचक सोवळ्याच्या वळणाने दचकतो, आणि तो दचका मूळात नाही. ‘माजघर’ जागेच्या दृष्टीने बरोबर बसतं, पण त्या शब्दाबरोबर कोकणातला वाडाच येतो. ‘मागची खोली’ म्हणा. धुणं-भांडी होतात ती ‘स्कलरी’. तिला ‘मोरी’ शोभते, फक्त ती उभ्याने काम करायची आहे. संडास परसाच्या टोकाला. १९५१ च्या जनगणनेत ब्रिटनमधल्या एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांकडे बसवलेलं न्हाणीचं टब नव्हतं, तेव्हा हे घर अपवादात्मक गरिबीचं नाही, सर्वसाधारण आहे.

याच नकाशावर तात्पुरती कारखान्यात बनवलेली घरं, ‘प्रीफॅब’, मांडून ठेवा. १९४५ ते १९४९ दरम्यान ती दीड लाखांहून जास्त उभी राहिली. दहा वर्षं टिकतील म्हणून बांधलेली, पण त्यांत घरातच न्हाणीघर आणि बऱ्याचदा फ्रिज. ‘पत्र्याचं तात्पुरतं घर’ असा अनुवाद झाला की वाचक हळहळतो. त्या बाईला मात्र हेवा वाटत असतो. म्युनिसिपालिटीच्या घरासाठी नाव लावलेलं तरुण जोडपं बायकोच्या आईकडे एका खोलीत राहतं, हाही तिथला नेहमीचा प्रसंग. इथे मराठी वाचक ‘घरजावई’ म्हणून मोकळा होतो. तो शब्द चुकूनही वापरू नका. जावयाची कुचंबणा आहे, पण ती जागेची आणि सासूच्या शिस्तीची, इज्जतीची नाही. उलट मुलगी लग्नानंतर आईजवळ राहणं कामगार वस्तीत रीतीचं होतं, आणि लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये १९५० च्या दशकात झालेल्या पाहणीतही हेच दिसलं. ‘सासरी गेली’ हा वाक्प्रचार तिथे लागत नाही.

सोमवार हा धुण्याचा दिवस, आणि तो कळला की निम्मी कादंबरी कळते. ‘कॉपर’ म्हणजे तांबं नव्हे. मोरीत बसवलेला, खाली जाळ घालायचा मोठा हंडा. आपला बंब आठवतो, पण बंब आंघोळीच्या पाण्याचा, आणि यात पांढरे कपडे उकळतात. नंतर नीळ, खळ, आणि मग दोन लाकडी रुळांतून कपडे दाबून पिळायचे. दिवसभर आई मोकळी नाही, म्हणून जेवायला रविवारच्या मांसाचं थंड उरलंसुरलं, मंगळवारी त्याचाच खिमा. सोमवारी कोणी गरम जेवण मागितलं तर ते भांडण आहे. पाऊस पडला तर ओले कपडे मागच्या खोलीत छताच्या दांडीवर, आणि सगळ्यांची डोकी ओल्या चादरीखाली.

जेवणांची नावं ही तर रोजची ठेच. कामगार घरात ‘डिनर’ दुपारी बाराच्या सुमारास. ‘टी’ म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाचं जेवण. ‘सपर’ झोपण्यापूर्वीचं किरकोळ. ‘तो चहाला घरी आला’ असं लिहिलं की कामावरून दमून आलेला माणूस एका कपावर भागवतो. ‘जेवायला घरी आला’ म्हणा. मध्यमवर्गीय घरात मात्र दुपारी ‘लंच’, रात्री ‘डिनर’. मुलगा ग्रामर स्कूलात, म्हणजे परीक्षेने निवडलेल्या मुलांच्या शाळेत, जायला लागतो आणि एके दिवशी घरी ‘लंच’ म्हणतो, बाप मान वर करून बघतो. हा एक शब्द मराठीत कसा आणायचा? दोन्ही जेवणांना तुम्ही आधीपासून ‘जेवण’ म्हणत आला असाल, तर या एकाच जागी ‘लंच’ तसाच ठेवा. घरात अनोळखी शब्द पडल्याचा आवाज तेवढ्याने येतो.

ग्रामर स्कूलाच्या प्रवेशाला गावात अजूनही ‘स्कॉलरशिप’ म्हणत. मराठी वाचकाला चौथी-सातवीची शिष्यवृत्ती आठवते: पास झालं तर महिन्याला चार पैसे, नाही तर काही बिघडत नाही. तिथे उलट. १९४४ च्या कायद्यानंतर शाळेला फी नव्हती, पण अकराव्या वर्षीच्या त्या परीक्षेने मूल कुठल्या शाळेत जाणार, आणि बहुतेक वेळा कुठल्या कामाला लागणार, ते ठरे. पैसे मिळत नसत, जात: गणवेश, टोपी, खेळाचे बूट. १९४९ च्या आधी असेल तर कुपनंही. पुरुषी कोटाला १३, बाईच्या लोकरी झग्याला ११, तिच्या बुटांच्या जोडीला ५, अशी ती उडत. मुलाच्या ब्लेझरसाठी आईने आपला झगा पुढे ढकलला हे गणित वाचकाच्या हाती लागलं पाहिजे. ‘प्रवेशपरीक्षा’ हा शब्द पुरतो.

डॉक्टरच्या बाबतीत सीमारेषा ५ जुलै १९४८. त्याआधी विमा उतरवलेल्या कामगाराला ‘पॅनेल’चा डॉक्टर फुकट, त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही. म्हणून १९४७ मधली आई ‘मला काही नाही झालं’ म्हणते तेव्हा ती सोशीक आहे हे खरं, पण व्हिजिटचे पैसेही वाचवते. त्या तारखेनंतर चष्मे आणि कवळ्यांसाठी रांगा लागल्या. १९५१ मध्ये त्यांवर आकार आला, आणि जून १९५२ पासून औषधाच्या चिठ्ठीला एक शिलिंग. प्रकरणाची तारीख बघून मगच ‘फुकट’ लिहा.

१९४७ च्या हिवाळ्यावर बहुतेक लेखक एक प्रकरण खर्चतात. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ. कोळशाच्या खाणी १ जानेवारीलाच सरकारजमा झालेल्या. कोळसा जागेवरून हलेना. फेब्रुवारीत अनेक भागांत घरांची वीज सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ बंद. कारखाने थांबले, वीस लाखांवर लोक घरी बसले. नंतर बर्फ वितळून पूर. या प्रकरणात ‘थंडी’ हा शब्द वारंवार येईल. आपल्याकडे थंडी सुखाची असते, गुलाबीही असते. ‘गारठा’, ‘काकडणं’, ‘हातपाय बधिर होणं’ यांनी काम होतं. ‘हुडहुडी’ तापाकडे झुकते, ती एखाद्याच जागी.

आता बोलणं. ‘आई’ला उत्तरेत ‘मॅम’ म्हणतात. मराठी कानाला ते ‘मॅडम’ वाटतं, म्हणून बाद. ‘मम्मी-डॅडी’ ठेवावं तर आपल्याकडे तो इंग्रजी माध्यमाचा, वरच्या आळीचा शब्द. अगदी विरुद्ध वर्ग. सरळ ‘आई’ आणि ‘बाबा’ लिहा. मामा-काका, मावशी-आत्या ठरवण्यासाठी नात्यांचा तक्ता आधीच करावा लागतो. इंग्रजीत ‘आंट’ एकच, आणि कधीकधी ती कोणाची बहीण हे शेवटच्या प्रकरणात कळतं. शेजारणीलाही मुलं ‘आंटी’ म्हणतात. तिला ‘काकू’ करा. ‘आंटी’च ठेवली तर मुंबईच्या जुन्या वाचकाला दारूचा गुत्ता आठवेल.

बायका मात्र एकमेकींना वीस वर्षांच्या शेजारानंतरही ‘मिसेस अमुक’ म्हणतात. तो दुरावा नाही, अदब आहे. ‘अहो मिसेस हार्टले’ आणि पुढे ‘तुम्ही’. त्यांच्यातली एखादी पहिल्यांदा नुसतं नाव घेते तिथे ‘अगं’ आणा, आधी नाही. लँकेशर-यॉर्कशरच्या बोलीत ‘तू’ला ‘दा’ असा जुना शब्द शिल्लक होता. बरोबरीच्यांत चाले, पोराने मोठ्यांना म्हटलं तर थप्पड. आपलं तू-तुम्ही इथे छान बसतं, आणि त्याचा फायदा घ्या. बोलीचं बाकी ओझं उचलू नका. बसचालकाला वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी बोलायला लावलं की तो त्या जिल्ह्याचाच होतो. साधी बोलभाषा, छोटी वाक्यं, गिळलेले शब्द एवढं पुरतं.

त्यांची कमी बोलायची सवय हाही अनुवादाचा प्रश्न आहे. ‘नॉट बॅड’चं ‘वाईट नाही’ करू नका; ‘बरं आहे’. ‘तक्रार करून काय होणार’ या अर्थाचं त्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे आपलं ‘चाललंय’. आणि घरात मृत्यूची तार आली तरी कोणीतरी उठून पाणी तापत ठेवतं. त्याला ‘चहा टाकते’ यापरतं चांगलं मराठी नाही. फक्त तो चहा उकळत नाही, किटलीत मुरतो. फार वेळ मुरलेला चहा त्यांच्या लेखी बिघडलेला असतो, आणि आपल्याकडे कडक म्हणजे कौतुक.

वडील किंवा मामा बर्मा आघाडीवरून सुटून आलेले असतील तर एक मजेशीर जागा येते. ब्रिटिश सैनिकांचा तळ नाशिकजवळ देवळालीला होता; मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन् महिने काढावे लागत, आणि माणसं भ्रमिष्ट होत. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला, आणि पूर्ण रूपात त्याला ‘टॅप’ जोडतात, तो आपला ताप. ‘वेडा’ लिहून ही जागा घालवू नका. ‘देवळालीचा ताप चढलाय’ असं लिहा. चहाला ते ‘चार’ म्हणतात, बघण्याला ‘डेको’. हे शब्द घरी परतत आहेत, त्यांना वाट करून द्या. मात्र कादंबरीभर असा एकच माणूस असावा.

‘चॅपल’ आणि ‘चर्च’ दोन्हींना चर्च करू नका. चॅपलवाले मेथडिस्ट वगैरे, बहुधा दारूला न शिवणारे. चर्चवाले सरकारमान्य पंथाचे. मुलीचं लग्न कुठे लागणार यावर दोन प्रकरणं भांडण चालेल, आणि एकच शब्द वापरला तर वाचकाला ते भांडण कळणारच नाही.

हे सगळं झालं की १४० तळटिपा परत वाचा. ज्या टीपेचं उत्तर आता मजकुरातच आहे ती खोडा. ज्या शब्दाचा अर्थ प्रसंगावरून लागतो ती खोडा. व्यक्तींची आणि कायद्यांची नावं पुस्तकाच्या सुरुवातीला एका पानात घाला, आणि त्यांच्यासोबत पैशांचं कोष्टक चार ओळी, रेशनच्या तारखा सहा ओळी, घराचा नकाशा, नात्यांचा तक्ता. पानाखाली पाच-सात टिपा उरल्या तर त्या राहू द्या. पहिलं प्रकरण मात्र शेवटी पुन्हा करा. तिथे सहा पौंडांचा पगार, बंद पुढची खोली आणि रेशनपुस्तकाचे रंग नीट बसले नाहीत तर पुढची सगळी पेरणी वाया जाते.

आणि इतकं काम हातात घेण्यापूर्वी हक्कांचं बघा. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, भारतात ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. त्या काळातल्या किंवा त्या काळावरच्या बहुतेक कादंबऱ्या अजून हक्कात आहेत. मूळ प्रकाशकाला किंवा लेखकाच्या वारसांच्या एजंटला लिहून मराठी अनुवादाची परवानगी मागा. पत्रात भाषा, छापील प्रतींची संख्या, ई-आवृत्ती हवी की नको, आणि किती वर्षांसाठी, हे स्पष्ट असू द्या. उत्तर यायला महिने लागतात, तेवढ्यात वह्या भरून होतील.